‘कळलं नाही’ हे कोणी म्हणायचं?

वाचकहो, तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा गणिताशी शेवटचा संबंध बारावीत किंवा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी आला असेल आणि तो संपला तेव्हा तुम्हाला हायसं वाटलं असेल. काळजी करू नका. या लेखात एकही समीकरण सोडवायचं नाही. मला बोलायचं आहे ते गणित विभागातल्या सेमिनारबद्दल, आणि खरं तर सेमिनार संपल्यावर तिथे जी शांतता पसरते तिच्याबद्दल. तुम्ही वकील असा, नर्स असा की सॉफ्टवेअरवाले, ती शांतता तुमच्या ओळखीची निघेल असा माझा अंदाज आहे.

मी अमेरिकेतल्या एका राज्य विद्यापीठात गणित शिकवते. आमच्या विभागात, आणि बहुतेक सगळ्याच मोठ्या विभागांत, आठवड्याचं वेळापत्रक सेमिनारांवर बांधलेलं असतं. एक दिवस बीजगणिताचा, एक दिवस संख्याशास्त्राचा (म्हणजे स्टॅटिस्टिक्स नव्हे, पूर्णांकांचा अभ्यास), एक दिवस भूमितीचा, एक विद्यार्थ्यांचा स्वतःचा. शिवाय आठवड्यातून एकदा सगळ्यांसाठी कॉलोक्वियम. त्याआधी अर्धा तास कॉमन रूममध्ये चहा आणि कुकीज. मग सगळे वर्गात जातात, पाहुण्यांची ओळख करून दिली जाते आणि पन्नास मिनिटांचं व्याख्यान सुरू होतं. कोणी खडूनं फळ्यावर लिहितं, कोणी स्लाइड्स दाखवतं.

आता आतली गोष्ट सांगते. खोलीत तीस माणसं असतील तर पहिली दहा मिनिटं बहुतेकांना कळतात. विसाव्या मिनिटाला निम्म्यांचा धागा सुटलेला असतो. शेवटच्या दहा मिनिटांत वक्त्याबरोबर खरोखर चालणारे तीन-चार जण उरतात, कधी एकच. हे गुपितही नाही. चहाच्या वेळी आम्ही त्यावर विनोद करतो. पण वर्गात बसल्यावर तीसच्या तीस माणसं फळ्याकडे बघत असतात, अधूनमधून माना हलतात, वहीत काहीतरी लिहिलं जातं. शेवटी यजमान विचारतात, ‘काही प्रश्न?’ तीस सेकंद कोणी बोलत नाही. मग एखादे ज्येष्ठ प्राध्यापक आतिथ्यापोटी काहीतरी विचारतात, टाळ्या होतात आणि सगळे आपापल्या ऑफिसात जातात.

माझा प्रश्न असा आहे. कळत नसताना हलवलेली ती मान खोटं बोलते का? आणि बोलत असेल, तर ‘कळलं नाही’ असं म्हणण्याची जबाबदारी नेमकी कोणाची?

आधी न कळण्याचा विचार करू, कारण न कळणं हा काही गुन्हा नव्हे. गणिताच्या शोधनिबंधांची वर्गवारी करायची जी आंतरराष्ट्रीय पद्धत आहे, तिच्या २०२०च्या आवृत्तीत मुख्य विभागच ६३ आहेत आणि त्यांच्या पोटात हजारो उपविभाग. शेजारच्या खोलीतल्या सहकाऱ्याचं काम मला कळत नाही, माझं त्याला कळत नाही. गायनॅकॉलॉजिस्टनं मेंदूच्या सर्जनचं व्याख्यान ऐकावं तसं आम्ही एकमेकांना ऐकतो. स्टॅनफर्डचे रवी वकील यांनी आपल्या विद्यार्थ्यांसाठी यावर एक साधा उपाय सुचवला आहे. प्रत्येक व्याख्यानातून फक्त तीन गोष्टी घेऊन बाहेर पडायचं. एखादी व्याख्या, एखादं उदाहरण, एखादा पडलेला प्रश्न, काहीही. बाकीचं गेलं तर जाऊ द्यायचं. मी माझ्या विद्यार्थ्यांना हेच सांगते, आणि त्यांना वाटतं त्याच्या वर्षभर आधीच सेमिनारला यायला लागा असंही सांगते.

अर्धवट ऐकण्यातूनही मोठ्या गोष्टी घडतात. १९७२ साली प्रिन्स्टनच्या इन्स्टिट्यूट फॉर ॲडव्हान्स्ड स्टडीत ह्यू माँटगोमेरी हा तरुण गणितज्ञ आला होता. मूळ संख्यांशी घट्ट नातं असलेल्या झीटा फलाच्या शून्यांमध्ये अंतरं कशी पडतात, याचं एक सूत्र त्याच्या हाती लागलं होतं. चहाच्या वेळी सर्वदमन चौला यांनी आग्रह करून त्याची फ्रीमन डायसन या भौतिकशास्त्रज्ञाशी गाठ घालून दिली. माँटगोमेरीनं सूत्र सांगितलं आणि डायसननी ते तत्काळ ओळखलं. जड अणूंच्या केंद्रकांमधल्या ऊर्जापातळ्यांचा अभ्यास करताना ज्या यादृच्छिक मॅट्रिक्स वापरल्या जात, त्यांच्या सिद्धांतात तेच सूत्र येत होतं. एकाला दुसऱ्याचं शास्त्र पूर्ण येत नव्हतं, तरी त्या चहातून संशोधनाची एक अख्खी दिशा निघाली. म्हणून ‘कळत नाही तर जायचं कशाला?’ असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

मग मान हलवण्यात वावगं ते काय? इथे आपल्या जवळचं एक उदाहरण घेऊ. सवाई गंधर्व महोत्सवाच्या मंडपात बसलेल्या सगळ्यांनाच रागाचं व्याकरण येतं असं थोडंच आहे? तरी समेवर माना डोलतात, हात उठतात, ‘वा!’ निघतो. त्यात लबाडी नसते. ऐकणाऱ्याला जे जाणवलं त्याची ती दाद असते. आणि जाणवलं की नाही, हे त्याच्याशिवाय दुसरं कोणी ठरवू शकत नाही. गाणं खरं की खोटं, असा प्रश्नच तिथे नसतो.

सेमिनारमध्ये हलणारी मान दिसते तशीच, पण तिचं काम वेगळं असतं. वक्ता म्हणतो, ‘म्हणून हे पद शून्याकडे जातं,’ आणि समोरची मान हलते, तेव्हा त्या मानेचा अर्थ ‘छान वाटलं’ असा होत नाही. ‘हो, जातं, मी पाहिलं,’ असा होतो. म्हणजे ती साक्ष असते. गणितात साक्षीला किती महत्त्व आहे, हे बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसतं. आपल्याला वाटतं, गणितात सिद्धता असते, तिथे माणसांच्या शब्दाचं काय काम? पण दोनशे पानांची सिद्धता स्वतःहून खरी ठरत नाही. माणसं ती वाचतात, ऐकतात, अडतात, विचारतात आणि मग म्हणतात, ‘बरोबर आहे.’ त्या म्हणण्यावर विसंबून पुढची माणसं आपलं काम उभं करतात.

याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण तुम्ही ऐकलेलं असेल, पण त्यातला एक तुकडा बहुधा नसेल. अँड्र्यू वाइल्स यांनी फर्माच्या शेवटच्या प्रमेयावर सात वर्षं गुपचूप काम केलं. १९९३च्या सुरुवातीला त्यांना आपली मांडणी कोणाकडून तरी तपासून हवी होती, पण बोभाटा नको होता. म्हणून प्रिन्स्टनमध्ये त्यांनी पीएचडीच्या विद्यार्थ्यांसाठी एक कोर्स जाहीर केला, नावावरून काहीच कळू नये असा. श्रोत्यांत सहकारी निक कॅट्झ बसले. हे सगळं कशासाठी चाललंय ते विद्यार्थ्यांना माहीत नव्हतं. किचकट आकडेमोडीला कंटाळून ते एकेक करून गळाले. शेवटी श्रोता एकच उरला, कॅट्झ. जूनमध्ये, २१ ते २३ तारखांना, केंब्रिजच्या आयझॅक न्यूटन इन्स्टिट्यूटमध्ये वाइल्स यांनी तीन व्याख्यानं दिली. तिसऱ्याच्या शेवटी फळ्यावर फर्माचं प्रमेय लिहिलं, टाळ्यांचा कडकडाट झाला, जगभर बातम्या छापून आल्या. ऑगस्टमध्ये हस्तलिखित तपासताना कॅट्झ एका ओळीवर अडले. त्यांनी प्रश्न पाठवला, उत्तर आलं, ते पुरलं नाही, पुन्हा प्रश्न गेला. त्या ओळीखाली खरोखर भगदाड होतं. ते बुजवायला वाइल्स आणि त्यांचे जुने विद्यार्थी रिचर्ड टेलर यांना सप्टेंबर १९९४ उजाडला.

आता तो तुकडा. ज्या भागात चूक होती, तो भाग कॅट्झ यांनी वसंतात त्या रिकाम्या वर्गात बसून ऐकला होता. मग तेव्हाच का नाही सापडली? सायमन सिंग यांच्या पुस्तकात कॅट्झ यांनी याचं उत्तर मोकळेपणानं दिलं आहे. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की वक्त्याला दर पाच सेकंदांनी अडवलं तर त्याचं काहीच सांगून होत नाही; आणि कधीच अडवलं नाही तर तुमचा धागा सुटतो, तुम्ही सभ्यपणे मान हलवत राहता, पण तपासत काहीच नसता. त्या कोर्सच्या शेवटी शेवटी आपण फार कमी प्रश्न विचारले, असं ते म्हणतात.

हे सांगणारा माणूस त्या विषयातला जगातल्या मोजक्या जाणकारांपैकी एक, श्रोता तो एकटाच, आणि तपासायचं याच कामासाठी आलेला. त्याची मान जर सवयीनं हलू शकते, तर तीस जणांच्या खोलीत, जिथे प्रत्येकाला वाटतं की शेजारचा तपासत असेल, तिथे काय होत असेल?

याच्या उलट एक गोष्ट आहे, ती मला धीर देते. पर्ड्यू विद्यापीठातले लुई द ब्रांज यांनी १९८४ साली बीबरबाख यांचा १९१६चा जुना कयास सिद्ध केल्याचा दावा केला. त्यांच्या आधीच्या काही दाव्यांत चुका निघालेल्या असल्यामुळे त्यांच्या जाडजूड हस्तलिखितात डोकं घालायला अमेरिकेत फारसं कोणी तयार नव्हतं. त्या वर्षी ते लेनिनग्राडला गेले. तिथल्या सेमिनारच्या लोकांनाही आधी शंका होतीच. पण त्यांनी या माणसाला बोलू दिलं, बैठकांमागून बैठका घेतल्या, प्रत्येक पायरीवर अडवलं, आणि अखेर म्हणाले, हे बरोबर आहे. शिवाय सिद्धता बरीच सोपी करून दिली. शीतयुद्धाच्या त्या काळात सोव्हिएत सेमिनारनं एका अमेरिकन गणितज्ञासाठी साक्ष दिली, आणि ती पुढे सगळ्या जगानं मानली. त्या लोकांनी सुरुवातीला सभ्यपणे माना हलवून टाळ्या वाजवल्या असत्या, तर द ब्रांज यांना त्याचा काडीचाही उपयोग झाला नसता. शंका घेणं हाच तिथे पाहुणचार होता.

तर मग सगळ्यांनी सतत हात वर करावेत का? इथे आपल्या परंपरेतली एक वाटणी मला फार उपयोगी वाटते. न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत: वाद, जल्प आणि वितंडा. वाद म्हणजे सत्य कळावं म्हणून दोघांनी केलेली चर्चा. गुरू-शिष्यांतही तो होतो. जल्प म्हणजे जिंकण्यासाठी केलेली, तिथे शब्दच्छलही चालतो. वितंडा म्हणजे स्वतःची काहीच बाजू न मांडता दुसऱ्याची मोडत राहणं. मराठीत आपण ‘वितंडवाद’ म्हणतो तो त्यातूनच आला. आपण ‘वाद’ या शब्दाला भांडणाच्या अर्थानं बदनाम केलं, ही आपली करामत.

सेमिनारमध्ये हे तिन्ही भेटतात. ‘हे तर आम्ही वीस वर्षांपूर्वीच केलं होतं, नाही का?’ हा जल्प झाला. प्रश्नचिन्ह नुसतं शोभेला. ‘पण याचा उपयोग काय?’ असं प्रत्येक वक्त्याला विचारणारा एक गृहस्थ प्रत्येक विभागात असतो, ती वितंडा. आणि ‘तिसऱ्या ओळीवरून चौथीवर कसे आलात ते कळलं नाही’ हा वाद. यातलं ‘कळलं नाही’ हे सर्वांत साधं वाक्य सर्वांत अवघड असतं, कारण त्यात विचारणाऱ्याला स्वतःचं अज्ञान उघडं करावं लागतं. बाकीच्या दोन प्रकारांत तो दुसऱ्याचं उघडं करत असतो.

आणि ते अवघड असण्याचं प्रमाण सगळ्यांना सारखं नसतं. माझ्या दृष्टीनं नीतीचा खरा प्रश्न इथे सुरू होतो.

तुम्ही मराठी शाळेत शिकला असाल तर बाईंचं ते वाक्य आठवा: ‘समजलं का रे सगळ्यांना?’ आणि वर्गाचं एका सुरातलं उत्तर: ‘होऽऽऽ!’ त्या ‘हो’मध्ये समजण्याचा काही संबंध नसायचा. तो तास पुढे सरकवायचा मंत्र होता. मी सांगलीच्या शाळेत तो दहा वर्षं म्हटला आहे. त्यात मोठ्यांचा मान होता, उलट न बोलण्याचं वळण होतं, आणि साठ मुलांच्या वर्गात बाईंची दया येणंही होतं. हेच वळण घेऊन आपली मुलं-मुली इथे पीएचडीला येतात. वर नवी भाषा, नवा उच्चार. मनात आधी वाक्य जुळवायचं, व्याकरण तपासायचं, तोवर वक्ता दोन फळे पुढे गेलेला असतो. स्टायपेंड आणि व्हिसा दोन्ही विभागाच्या मर्जीवर आहेत असं वाटत असतं. पुढे ज्यांची शिफारसपत्रं लागणार ती माणसं त्याच खोलीत बसलेली. अशा मुलीनं ‘कळलं नाही’ म्हणावं, ही अपेक्षा करणं सोपं आहे. पण त्या वाक्याची किंमत तिला जेवढी मोजावी लागते, तेवढी टेन्युअर असलेल्या प्राध्यापकाला लागत नाही. साठीतले प्राध्यापक म्हणतात, ‘आय ॲम कम्प्लीटली लॉस्ट,’ तेव्हा खोलीत हशा पिकतो आणि त्यांचा मोठेपणा वाढतो. तेच शब्द पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी म्हणते तेव्हा कोणाच्या तरी मनात नोंद होते.

आणखी एक गंमत अशी, की इथे तिची शांतता दोन्हीकडून वाचली जाते. काहींना वाटतं, हिला सगळं कळलंय. काहींना वाटतं, हिला विचारण्यासारखं काही सुचत नाही. आपल्याकडे जो आदर होता, तो विमानतळावर उतरल्यावर दुसऱ्याच कशाची तरी खूण होतो.

म्हणून मी या निष्कर्षाला आले आहे: ‘कळलं नाही’ म्हणण्याचं कर्तव्य सगळ्यांचं आहे, पण सारखं नाही. ज्याला ते म्हणून गमावण्यासारखं सर्वांत कमी आहे, त्यानं ते सर्वांत आधी म्हटलं पाहिजे. ज्येष्ठांनी पहिल्या पाच मिनिटांत एखादा अगदी साधा, व्याख्येबद्दलचा प्रश्न विचारला की खोलीचं तापमान बदलतं. मागच्या रांगेतला हात वर यायला धजतो. माझ्या मते टेन्युअर हे निव्वळ नोकरीचं संरक्षण नाही. समाजानं काही माणसांना निर्भय केलं आहे, ते त्यांनी इतरांच्या वतीनं विचारावं म्हणून. ते संरक्षण अंगावर घेऊन जो गप्प बसतो, तो आपल्या वाट्याची साक्ष त्या बावीस वर्षांच्या मुलीवर ढकलतो.

वक्त्याचाही यात वाटा आहे. पॉल हॅल्मोस यांनी १९७४ साली गणिताचं व्याख्यान कसं द्यावं यावर एक लेख लिहिला होता. त्यातला मुख्य सल्ला एवढाच, की सोपं करा. हे ऐकायला सोपं, करायला महाकठीण, कारण अवघड बोलल्यानं आपण मोठे वाटतो. या बाबतीत मला आपल्या श्रीराम अभ्यंकरांचं उदाहरण आठवतं. उज्जैनला जन्मलेले, हार्वर्डला झारिस्कींचे विद्यार्थी, आणि १९६३पासून २०१२मध्ये निधन होईपर्यंत पर्ड्यूमध्ये, म्हणजे द ब्रांज यांच्याच विभागात. बैजिक भूमितीवरच्या ज्या निबंधासाठी त्यांना १९७८चं शोव्हने पारितोषिक मिळालं, त्यात त्यांनी बीजगणिताचे चढत्या क्रमानं तीन मजले सांगितले: हायस्कूलचं, कॉलेजचं आणि विद्यापीठाचं. आणि स्वतः उघडपणे हायस्कूलच्या बाजूनं उभे राहिले, बहुपदींशी प्रत्यक्ष झटापट करणाऱ्या बीजगणिताच्या बाजूनं. जगातल्या अव्वल भूमितिज्ञानं असं म्हणण्यात एक नैतिक भूमिका आहे असं मला वाटतं. जे हायस्कूलच्या भाषेत मांडलंय, ते ऐकणाऱ्याला तपासता येतं. १९७६ साली त्यांनी पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान सुरू केलं, म्हणजे ते बीजगणित त्यांनी समुद्रापार परतही नेलं.

माझ्या म्हणण्यावर एक आक्षेप आहे आणि तो मला गंभीर वाटतो. समोर उभा असलेला वक्ता कधीकधी सव्वीस वर्षांचा, नोकरीच्या मुलाखतीसाठी आलेला, आवाज कापत असलेला मुलगा असतो. त्याला अडवणं ही क्रूरता नाही का? मान हलवणं ही तिथे करुणा नाही का? मॉस्कोत इस्रायल गेलफांड यांचं सेमिनार १९४३पासून चार दशकांहून अधिक काळ दर सोमवारी संध्याकाळी चालायचं. ते वक्त्याला अर्ध्यावर तोडत, श्रोत्यांपैकी एखाद्याला उठवून ‘आता हा काय म्हणाला ते तू सांग’ म्हणत. तिथून थोर गणितज्ञ घडले, आणि तिथे माणसं दुखावलीही गेली. माझा विभाग तसा व्हावा असं मला वाटत नाही.

पण करुणा आणि साक्ष यांत निवड करायचीच असते, हे मला पटत नाही. त्या सव्वीस वर्षांच्या मुलाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. पन्नास मिनिटं मनापासून बोललात, आणि शेवटी तीस सेकंद कोणी काहीच विचारलं नाही. पाच वर्षांच्या कामाला इतकाच प्रतिसाद. ‘दुसऱ्या फळ्यावरचं उदाहरण पुन्हा एकदा सांगाल का?’ या प्रश्नात त्याला किती आधार मिळेल! त्याचा अर्थ होतो, मी तुझ्याबरोबर तिथपर्यंत आलो होतो आणि पुढे यायची इच्छा आहे. दुखावतो तो जल्प आणि ती वितंडा. वादानं दुखावलेला वक्ता मी फारसा पाहिलेला नाही.

२०२०नंतर यात एक नवा पेच आला. सेमिनार झूमवर गेली आणि जगातल्या कुठल्याही सेमिनारला कुठूनही बसता येऊ लागलं. पुण्यातला विद्यार्थी न्यूयॉर्कचं दुपारी चारचं व्याख्यान रात्री दीड वाजता ऐकू लागला. हे मोठं दान होतं. ज्यांना व्हिसा आणि विमानभाडं परवडत नव्हतं त्यांच्यासाठी दार उघडलं. पण बंद कॅमेऱ्यांच्या काळ्या चौकोनांतून तर हलणारी मानही दिसत नाही. वक्ता अंधारात बोलत राहतो. दुसरीकडे, चॅटमध्ये दोन ओळी टाइप करायला उच्चार लागत नाही, त्यामुळे वर्गात कधी न बोललेली मुलं तिथे विचारू लागली. विचारायची वाट स्वस्त केली की विचारणारे असतात, एवढं त्यातून मला दिसलं. म्हणून आता आमच्या विद्यार्थी-सेमिनारमध्ये एक प्रथा आहे: पहिली पाच मिनिटं झाली की वक्ता थांबतो आणि शेजाऱ्याशी बोलायला दोन मिनिटं देतो. शेजाऱ्यालाही कळलेलं नाही हे समजलं की निम्मं धैर्य तिथेच येतं.

सुरुवातीला मी म्हटलं होतं की ही शांतता तुमच्याही ओळखीची निघेल. तुमच्या महाराष्ट्र मंडळाची वार्षिक सभा आठवा. खजिनदार जमाखर्च वाचतात, मागे मुलांचा गोंगाट, बटाटेवड्यांचा वास. ‘कोणाला काही विचारायचंय?’ कोणालाच नसतं. ‘सर्वानुमते मंजूर.’ हात वर करणाऱ्यांपैकी किती जणांनी आकडे पाहिलेले असतात? खजिनदार प्रामाणिकच असतात, बहुतेक वेळा. पण तो वर गेलेला हात दाद नव्हे, साक्ष आहे, आणि पुढच्या वर्षी कोणीतरी त्यावर विसंबणार आहे. तेच डॉक्टरांच्या खोलीत, जिथे आपण आईच्या रिपोर्टवर मान हलवतो आणि घरी येऊन गूगल करतो. तेच ऑफिसच्या मीटिंगमध्ये, डिझाइन मंजूर करताना.

तेव्हा पुढच्या वेळी ‘कळलं का?’ असं कोणी विचारलं, आणि त्या खोलीत तुमची नोकरी पक्की असेल, भाषा येत असेल, केस पिकलेले असतील, तर मान हलवण्याआधी जरा मागच्या रांगेकडे बघा. तिथे कोणीतरी वाक्य जुळवत बसलेलं असेल. त्याच्या आधी तुम्ही विचारा.